उष्टी आंबील

आमच्या घरी पाहुणे यायचे म्हटलं की आईला दोन कामं असत. एक, बैठकीतल्या दिवाणावरची चादर बदलणं. आणि दुसरं, मला आतल्या खोलीत काहीतरी काम काढून देणं. "छाये, तेवढे तांदूळ निवडून टाक बरं," असं ती म्हणायची, आणि मी आत जाऊन पाहावं तर तांदूळ कालच निवडून डब्यात भरलेले. माझ्या तोंडाला सगळे भीत होते. आमचं रेल्वेचं क्वार्टर ते केवढं, आतल्या खोलीत बसलं तरी बैठकीतलं सगळं ऐकू यायचं, बशीत चहा ओतल्याचा आवाजसुद्धा. मी भिंतीला पाठ लावून बसायची आणि कोण किती खोटं बोलून राहिलंय ते ऐकायची. खोटं ऐकलं की कानशिलांत धडधड सुरू व्हायची. आजही होते म्हणा, पण आता ती माझ्या ओळखीची झालीय.

हे सगळं संध्याच्या साखरपुड्यापासून. संध्या माझी चुलत बहीण, माझ्याच वयाची. मुलगा कारखान्यात इंजिनियर आहे असं तिकडच्यांनी सांगितलं होतं. मला माझ्या मैत्रिणीच्या भावाकडून कळलं होतं की तो बीरगांवला ठेकेदाराकडे हजेरीवर आहे, आज काम तर उद्या नाही. पंगत बसली होती. मुलाचे मामा जिलबीवर जिलबी घेत "आमचा इंजिनियर, आमचा इंजिनियर" करत होते. मी हातातली परात खाली ठेवली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "मामाजी, कोणत्या कॉलेजचा इंजिनियर? ठेकेदाराच्या?" पुढचं सांगत नाही. पानं तशीच राहिली आणि माणसं उठली. खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. पण संध्यानं माझ्याशी बोलणं टाकलं, काकांनी आमच्या घरची पायरी टाकली, आणि बाबा, जे कधी कोणाला अर्ध्या शब्दानं बोलत नसत, ते ड्यूटीवरून आले की मी कुठल्या खोलीत आहे ते आधी पाहायचे आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. कॉलेजातही मॅडमशी भांडून मी नाव काढून घेतलं होतं. घरात बसून होते आणि दिवसेंदिवस जास्त कडू होत होते.

इंदूमावशी नात्यानं आमची कोणी नव्हती. मूळची वर्ध्याकडची, नवऱ्यामागं रायपूरला आली, नवरा गेल्यावर इथेच राहिली आणि तात्यापाऱ्यात खानावळ चालवायला लागली. राज्य नुकतंच वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं होतं तेव्हा. भोपाळहून बदलून आलेले बाबू लोक बायकापोरं मागं ठेवून इथे खोल्या घेऊन राहत, आणि दुपारी, संध्याकाळी पोटाला काय घालावं म्हणून गल्लीबोळ हुंगत फिरत. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं जुनं नाव खरवडून नवं रंगवलं जात होतं आणि रंग वाळायच्या आत लाल दिव्याच्या गाड्या येऊन उभ्या राहत होत्या. मावशींच्या ओसरीवर नेहमी कोणी ना कोणी बाबू बूट काढत बसलेला असायचा. एकदा मावशी आमच्याकडे सांडग्यांचा डबा द्यायला आल्या. आईला रडू आवरलं नाही. मी आतून ऐकत होते. आई म्हणाली, "काय करू हो या पोट्टीचं? हिच्या जिभेले हाड नाही." मावशींनी मला हाक मारली. उंच, सुकलेली बाई, कानात मोत्याच्या कुड्या, आणि डोळ्यांवर डाव्या काचेला तडा गेलेला चष्मा. मला वाटलं आता उपदेश सुरू होणार. त्या म्हणाल्या, "पोळ्या लाटता येतात का तुले?"

"येतात."

"पातळ?"

"पाहून घ्या ना येऊन," मी म्हटलं.

"उद्या सकाळी ये. पाहतो."

वर्ध्याकडच्या कित्येक बायका "पाहतो, करतो" म्हणतात, आमच्या मावशीही म्हणायच्या. भोपाळचे बाबू त्याला हसायचे.

त्या स्वयंपाकघराबद्दल मला पुष्कळ लिहिता येईल. सकाळी जाऊन आधी छत झाडायचं, कारण रात्री वारा सिलतऱ्याकडून आला असला की कारखान्यांची काळी भुकटी छतावर पसरलेली असायची, अनवाणी चाललं की तळवे कोळशासारखे. वाळवणावर म्हणून मलमलचं कापड बांधायचं, तेही ओलं करून. मग भाजीवाली यायची, डोक्यावर टोपली आणि तोंडात "हव दीदी, हव दीदी", आणि मावशी तिच्याकडून लाल भाजी, चेच भाजी घ्यायच्या, आपल्या पद्धतीनं लसूण-मिरची घालून करायच्या. वरण उकळत असलं की त्यावर झाकण बारीक टकटक करत राहायचं; त्या आवाजावरून मावशी ओसरीतून सांगायच्या, "छाये, आता पाणी घाल." मला हसू यायचं. आता माझी मुलगी माझ्यावर हसते.

सुरुवातीला मी रोज भडकत होते आणि दर वेळी मला वाटायचं की आज मावशी मला घालवून देणार. एक तिवारी म्हणून बाबू होते, त्यांना रोज वरणात पाणी दिसायचं. एक दिवस म्हणाले, "मौसी, दाल में दाल कहाँ है, ढूँढ़ के दो." मी वाटी उचलली आणि म्हटलं, "आप दफ्तर में काम कहाँ है वो ढूँढ़ के बताओ, फिर मैं दाल ढूँढ़ती हूँ." ओसरी हसली. तिवारी उठले. मावशी मला आत घेऊन गेल्या. मी तयारच होते, म्हटलं, "खोटं बोलले का मी? तो माणूस दुपारचा चार चार तास इथं लोळते."

मावशी म्हणाल्या, "खरं आहे तुझं. बरं, मग आता काय करायचं?"

"म्हणजे?"

"तू खरं बोलली. तो उपाशी उठला. वरणात पाणीही होतं, ते मलेही माहीत आहे. आता काय करायचं ते सांग."

भांडायला समोर कोणी असावं लागतं. त्या समोर उभ्याच राहत नव्हत्या, येऊन माझ्या बाजूला उभ्या राहत होत्या. शेवटी मी जिरं-लसणाची फोडणी दिली, वरण घट्ट केलं, डबा भरला आणि तिवारींच्या खोलीवर नेऊन दिला. दार उघडून ते म्हणाले, "झगड़ने आई हो?" मी म्हटलं, "नहीं, दाल लाई हूँ." बस्स एवढंच. पण पुढेही, कोणाशी वाजलं, घरी दादाशी भांडण झालं, भाजीवालीनं सडका टमाटर दिला, काहीही झालं तरी त्यांचा हाच प्रश्न. खरं आहे तुझं, मग आता काय करायचं. मला त्या प्रश्नाचा भयंकर राग यायचा.

मावशींकडे स्टीलची भांडी होती तशी जुनी पितळेचीही होती, त्यांच्या सासूकडची. वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा, समोरच्या कडुनिंबाखाली भाता लावायचा. तापलेल्या गंजात, म्हणजे पातेल्यात, नवसागर टाकला की पांढरा धूर उठून डोळे चुरचुरत, आणि मग तो कापसाच्या बोळ्यानं कथिल फिरवायचा, तसा पिवळा गंज आतून बघता बघता पांढराशुभ्र व्हायचा. गंज घासायला मला दिला तेव्हा मावशींनी बजावलं होतं, बाहेरून वाटेल तेवढं घास, चिंच लाव, राख लाव. आतून मात्र नुसतं हलक्या हातानं. कल्हई गेली आणि आत आंबट ठेवलं की ते कळकते. त्यांच्या माहेरी लग्नात एकदा ताक कळकलं होतं, सारं वऱ्हाड ओकाऱ्या करत पडलं, आणि एक म्हातारी त्यातून उठली नाही, असं त्या सांगायच्या.

असं करता करता मी मावशींबरोबर बाहेरच्या स्वयंपाकांनाही जायला लागले. आणि भादव्यात माईंच्या घरच्या महालक्ष्म्या आल्या.

माई म्हणजे एका मोठ्या साहेबांच्या आई. साहेब नव्या राजधानीत बदलून आले, शंकरनगरात बंगला मिळाला, आणि माईंनी आपल्या महालक्ष्म्याही भोपाळहून इथे आणल्या. नवी सून मधुरा हिचं सणाचं हे पहिलं वर्ष. ती भोपाळातच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. आम्ही मागच्या दारानं आत शिरलो तर तिनं आमच्याकडे वरून खाली पाहिलं आणि मावशींना म्हणाली, "आप लोगों ने हाथ-पैर ठीक से धोए हैं ना? पीछे नल है." साठी उलटलेल्या, पहाटे न्हाऊन ओल्या केसांनी निघालेल्या बाईला! माझे कान तापले. मावशींनी माझं मनगट धरलं, मुकाट्यानं नळावर गेल्या, पुन्हा हातपाय धुतले. थोड्या वेळानं मधुरा एका पाहुणीला सांगत होती, "खाना बनाने वाली और उसकी असिस्टेंट," आणि असिस्टेंट म्हणताना तिनं हसून माझ्याकडे पाहिलं. ते हसणं मी मनात घडी करून ठेवलं.

दिवसभर तो बंगला नुसता तापत होता. समोरच्या खोलीत ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या, जरीच्या साड्या, मुखवट्यांवर नथी, आणि डोक्यावर फुलोऱ्याला टांगलेल्या करंज्या नि वेण्या. आत पुरण, वडे, कढी, सोळा भाज्या, पंचामृत. माई एका पाटावर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. त्यांचा आवाज बारीक, पण कापणारा. सुनेच्या प्रत्येक गोष्टीत त्यांना खोट दिसत होती. रांगोळीची रेघ जाड, वाती आखूड, पदर खांद्यावरून पडून राहिला. पाहुण्या बायकांसमोर म्हणाल्या, "आमच्या सूनबाईला कॉम्प्युटर येतो, बाकी काही विचारू नका." बायका हसल्या. मधुराही हसली, पण तिच्या गळ्यावरची शीर मी पाहिली. फक्त एक गोष्ट माईंनी तिच्या हाती सोपवली होती, ती म्हणजे आंबील. महालक्ष्म्यांची आंबील घरच्या सुनेनं करायची, स्वयंपाकिणीनं नाही, असा त्यांचा कुळाचार. मधुरानं आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ ताकात भिजवलं, सकाळी शिजवलं, आणि माईंच्या सासूबाईंच्या पितळी गंजात भरून, वर पांढरं फडकं बांधून, हळदीकुंकवाची बोटं ओढून देवीजवळ ठेवलं होतं. भिजवलं होतं तेही त्याच गंजात.

आरतीची वेळ झाली. मावशी आत नैवेद्याची पानं वाढत होत्या, माई तिथेच. मला सांगितलं, गंज उचलून देवीपुढे सरकव. पोरंसोरं आधीच कटोऱ्या घेऊन दारात उभी होती, कारण आमच्याकडे नैवेद्य झाला की पहिली आंबील पोरांना. मी गंज उचलला आणि फडक्याची एक बाजू सुटली. आत पाहिलं तर गंज आतून सोन्यासारखा पिवळाधमक. आणि आंबील जिथे काठाला लागली होती तिथे बारीक हिरवट रेघ.

मधुरा बाजूलाच उभी होती. मी तिला हळूच विचारलं, "हा गंज आतून कोणी घासला?"

"मैंने," ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला. "अंदर से एकदम गंदा था, सफ़ेद-काला, धब्बे ही धब्बे. दो दिन घिसा है. बाई को भी नहीं दिया, खुद बैठ के. माई को अभी दिखाया नहीं है."

काय सांगू तुम्हाला! दोन दिवस त्या पोरीनं, शाबासकी मिळेल म्हणून, आपल्या हातानं कल्हई खरवडून काढली होती. तिच्या घरी स्टीलच. भांड्याला आतून पांढरं अस्तर असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि त्या पितळेत रात्रभर आंबट पीठ.

मला खात्री नव्हती. रेघ बाहेरच्या चिंचेची असेल, मी उगाच घाबरते आहे, असंही वाटलं. खात्री करायची एकच रीत, आणि ती करायला मनाई. नैवेद्याचं चाखत नाहीत. मीठसुद्धा मावशी वासावर ओळखायच्या. दारातून एक लहानगी विचारत होती, "हो गया क्या? हो गया क्या?" तिच्या हातात चांदीची वाटी होती. मी फडक्याआड बोट घातलं आणि जिभेला लावलं. जीभ आक्रसली. तांब्याचा पैसा चोखल्यासारखी कडवट, तुरट चव, आणि घशाखाली मळमळ.

मी आत गेले. मावशींनी मान वर करून माझा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"मावशी, आंबील..."

"काय झालं आंबिलीले?" हा माईंचा आवाज. पानं मांडणाऱ्या बायका थांबल्या. मागे दारात मधुरा येऊन उभी राहिली, आणि मी वळून पाहिलं तर तिच्या तोंडावर दिसलं की काहीतरी आपलंच चुकलंय एवढं तिला समजलंय, काय ते समजलेलं नाही. कानशिलांत धडधड सुरू झाली. मला आता फक्त तोंड उघडायचं होतं. खानदानी गंजाची कल्हई सूनबाईंनी काढली, देवीला विष केलं, एवढं म्हणायचं. एक शब्द खोटा नव्हता. असिस्टेंटनं सगळ्यांसमोर सांगितलं असतं आणि ती मुलगी त्या घरात पुन्हा मान वर करून चालली नसती. माईंनी जन्मभर प्रत्येक भादव्यात ती गोष्ट पाहुण्यांना वाढली असती. मला ते सगळं एका क्षणात दिसलं, आणि खरं सांगते, ते दिसून मला आधी गोडच वाटलं.

"बोल ना वं," माई म्हणाल्या. "तोंडात काय धरून ठेवलं?"

मावशी नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. आणि त्यांचा तो मेला प्रश्न, त्यांनी न विचारताच, माझ्या डोक्यात उभा. खरं आहे तुझं. मग आता काय करायचं? करायचं एवढंच होतं की ती आंबील कोणाच्या पोटात जाऊ द्यायची नाही.

"आंबील मी चाखली," मी म्हटलं. "नैवेद्याच्या आधी. बोट घालून चाखली."

कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. माई पाटावरून उठल्या. मी त्यांना इतक्या चटकन उठताना पाहिलं नव्हतं. "भुक्कड! घरी खायले नाही का तुझ्या? देवीच्या आधी तू? साऱ्या घराचा कुळाचार बाटवला या पोट्टीनं!" त्यांचा हात वर गेला. मावशी मध्ये आल्या, हातात पुरणाचं पातेलं तसंच. "माई, हात नका लावू. पोरगी माझ्या भरवशावर आली आहे. आंबील टाकून द्या. पीठ आहे, ताक आहे, सूनबाईच्या हातानं मी दुसरी करवून घेतो, स्टीलच्या गंजात. आरती थोडी थांबवा." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तू बाहेर जा. गंज घेऊन जा. आत पाय ठेवू नको."

त्यांच्या आवाजात माझ्यासाठी काहीही नव्हतं. माया नाही, रागसुद्धा नाही. मार चुकला होता, पण हे जास्त लागलं. मावशींनाही खरंच वाटलं का, की मी अधाशीपणानं चाखली?

मागच्या अंगणात, भिंतीकडेला मी आंबील मातीत ओतली, वर माती लोटली, आणि नळाखाली गंज धुवायला बसले. आतून माईंचा आवाज येत होता. जी नवी पाहुणी येई तिला पहिल्यापासून सांगत होत्या. दर वेळी मी थोडी आणखी भुक्कड होत होते. थोड्या वेळानं मधुरा ताकाचं भांडं विसळायच्या निमित्तानं आली. "तुमने क्यों किया ऐसा?" ती रडवेली होऊन म्हणाली. "मेरा पहला साल था. एक ही चीज़ मेरे हाथ की थी."

काठाला थोडी आंबील चिकटून होती. मी गंज तिच्यापुढे धरला. "चाखून पाहा."

तिनं बोट लावलं, जिभेला टेकवलं, आणि लगेच थुंकली. मी तिला हळू आवाजात समजावलं, ते पांढरं म्हणजे डाग नव्हते, कल्हई होती. आता हा गंज कल्हई लावल्याशिवाय वापरायचा नाही, निदान आंबटाला तर मुळीच नाही. तिचा चेहरा मातीसारखा झाला. दारात वाटी घेऊन उभी होती ती लहानगी तिच्या नणंदेचीच होती.

"माई को बताओगी?"

"सांगायचं असतं तर आत सांगितलं असतं."

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात आतून हाक आली, "सूनबाई!" आणि ती पदर सावरत पळाली. आत जाऊन ती खरं सांगेल असं मला वाटलं होतं. मी पायरीवर बसून वाट पाहिली. आरती झाली, घंटा वाजल्या, पंगत बसली, दुसरी पंगत बसली. तिनं सांगितलं नाही. त्या दिवशी मला तिचा फार राग आला. आता येत नाही. त्या घरात, त्या वर्षी, मीही सांगितलं नसतं.

पुढे काय काय झालं ते इथेच सांगून टाकते. रायपूरचे मराठी लोक ते किती. मी घरी पोचायच्या आधी फोन पोचला होता. आईनं विचारलं, "चाखली का तू?" मी म्हटलं, "चाखली." ती कपाळाला हात लावून बसली. दादा म्हणाला, "देखा? मैं बोला था ना." बाबा दुसऱ्या खोलीत गेले. पुष्कळ दिवस लोक मावशींना सणाच्या स्वयंपाकाला बोलावताना सांगायचे की त्या पोट्टीला आणू नका, आणि मावशी म्हणायच्या, मग दुसरी बाई पाहा. अशी बरीच घरं त्या हंगामात गेली. मधुरानं तो गंज कल्हई करून घेतला, हे मला कल्हईवाल्याकडून कळलं. आईला मी खरं काय ते सांगितलं नाही, मावशी गेल्यावर सांगितलं.

पण त्या दिवशी यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. शेवटची पंगत उठल्यावर मावशी मागच्या दारानं बाहेर आल्या. हातात काही नव्हतं. जेवल्या नव्हत्या, डबाही घेतला नव्हता. "चल," म्हणाल्या. रिक्षात बसलो. मी रस्त्याकडे पाहत होते, म्हणजे त्यांच्याकडे पाहावं लागू नये. मनाशी ठरवलं होतं की उद्यापासून यांच्याकडे जायचं नाही, यांनीही तेच समजून घेतलंय तर राहिलं काय.

"फारच कळकली होती का?" मावशींनी विचारलं.

मी वळून पाहिलं. त्या समोर, रिक्षावाल्याच्या पाठीकडे पाहत होत्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं? मधुरानं?"

"कोणी कशाले सांगते."

"मग गंज पाहिला तुम्ही?"

"कुठचा गंज न काय. मी तर आतच होतो." त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला. "तू उगाच चाखायची नाहीस, एवढं मले माहीत आहे."

मला रडू फुटलं. रस्त्यात, रिक्षात, हुंदके देऊन रडले. आख्ख्या दिवसात एक टिपूस काढलं नव्हतं. मावशींनी समजूत घातली नाही की डोकं थोपटलं नाही, रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भैया, वो ठेले के पास रोकना ज़रा." जिथे दोन रस्ते मिळतात तिथे एक आलूगुंड्याचा, म्हणजे बटाटेवड्याचा, ठेला होता. बाहेरचं खाणं मावशींनी जन्मात तोंडाला लावलं नव्हतं. त्यात सणाचा दिवस. त्या ठेल्याजवळ नालीच्या कडेला, पोलक्याला हळदीचे डाग, हातात कागदावरचा गरम आलूगुंडा, अशा उभ्या राहिल्या आणि फुंकर घालून खायला लागल्या. ठेलेवाला अवघडून "अम्मा, स्टूल दूँ?" म्हणाला. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि दुसरा आलूगुंडा माझ्या हातात दिला.

"राग नाही आला तुले?" त्यांनी विचारलं.

"लय आला."

"मग कुठं ठेवला?"

मी विचार केला. तोंडात घास होता, नाक वाहत होतं. "माहीत नाही, मावशी. अजून आहे."

"असू दे," त्या म्हणाल्या. "चटणी घे."